वसुलीवाल्याचा फोन आला की आधी घड्याळ बघा: रिकव्हरी एजंट कुठे कायदा मोडतोय हे कसं ओळखायचं

माझ्या आतेभावाची चाकणची नोकरी गेली तेव्हा त्याच्या पर्सनल लोनचे तीन हप्ते थकले आणि चौथ्या महिन्यात फोन कुणाला आला तर मला. मी जामीनदार नाही, माझी कुठेही सही नाही, फॉर्म भरताना त्याने रेफरन्सच्या रकान्यात माझा नंबर टाकलेला, एवढंच. रात्री पावणेनऊला एक माणूस म्हणतो, तुमचा भाऊ फ्रॉड आहे, उद्या बारापर्यंत पैसे आले नाहीत तर त्याचा फोटो तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. मी घाबरून गेले आणि चक्क त्याची माफी मागितली. त्या एका फोनमध्ये त्याने निदान तीन नियम मोडले होते आणि मला एकही माहीत नव्हता. नंतर वाचत गेले, चार लोकांच्या तक्रारी लिहून दिल्या, बँकांची उत्तरं बघितली, तेच सगळं इथे लिहितेय.

आधी एक स्पष्ट करते. घेतलेलं कर्ज फेडायचंच असतं, आणि हप्ता थकला की बँक फोन करू शकते, एसएमएस पाठवू शकते, नोटीस देऊ शकते, माणूस घरी पाठवू शकते, कोर्टात जाऊ शकते. सकाळी अकराला फोन करून कुणी शांतपणे "मॅडम पेमेंट कधी होईल" विचारलं तर आपल्याला कितीही त्रासदायक वाटलं तरी तो नियमात आहे. नियम तुटतो तो त्याच्या पुढे, म्हणजे पैसे मागायच्या ऐवजी तो भीती आणि लाज वापरायला लागतो तिथे.

वेळ

सगळ्यात सोपी आणि सिद्ध करायलाही सगळ्यात सोपी गोष्ट ही. आरबीआयने १२ ऑगस्ट २०२२ ला सर्क्युलर काढून बँका, एनबीएफसी (म्हणजे बँक नसलेल्या पण कर्ज देणाऱ्या कंपन्या), सहकारी बँका, हाउसिंग फायनान्सवाले सगळ्यांना सांगितलं की थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करायचा नाही. त्याच सर्क्युलरमध्ये अजून बऱ्याच गोष्टी आहेत, म्हणजे शिवीगाळ, मारहाण किंवा तशी धमकी, चारचौघात अपमान, घरच्यांच्या, मित्रांच्या, रेफरन्सवाल्यांच्या खाजगी आयुष्यात घुसणं, मोबाईलवर किंवा सोशल मीडियावर घाणेरडे मेसेज, निनावी फोन, सतत एकामागून एक फोन, आणि खोटी माहिती देऊन दिशाभूल करणं, हे सगळं बंद. आणि महत्त्वाचं म्हणजे एजंट बाहेरच्या एजन्सीचा असला तरी त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेची. "ती थर्ड पार्टी आहे मॅडम, आमचा संबंध नाही" हे उत्तर चालत नाही, तेच उत्तर मला दोनदा मिळालं म्हणून सांगतेय.

बचत गटासारखे गट करून मायक्रोफायनान्सचं कर्ज घेतलेल्या बायकांसाठी वेळ अजून कमी आहे, सकाळी ९ ते संध्याकाळी ६. ते नियम वेगळे, मार्च २०२२ चे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला काहीही तारण न घेता दिलेलं कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स. तिथे वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची, म्हणजे आपण ज्याला सेंटर मीटिंग म्हणतो ती, आणि बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच तिच्या घरी किंवा कामावर जायची मुभा आहे. आता प्रत्यक्षात काय होतं ते खेडेगावात सगळ्यांना माहीत आहे. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्या दहा जणींना उठू देत नाहीत, शेतात मजुरीला जायचं असतं, पोरं शाळेतून आलेली असतात, तरी बसवून ठेवतात, किंवा साहेब दिवे लागले तरी ओट्यावर बसून राहतो की पैसे घेतल्याशिवाय हलणार नाही. दार अडवून कुणालाही जाऊ न देणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, कलम १२६ आणि १२७ बघा. गटातल्या एखादीने भरले नाहीत म्हणून बाकीच्यांना कोंडून ठेवायचा हक्क कुठल्याही करारात लिहून मिळत नाही.

तू कोण, हे आधी विचारा

फोनवर असो की दारात, पहिला प्रश्न हाच. नाव, कुठल्या एजन्सीचा, कुठल्या बँकेसाठी, लोन अकाउंट नंबर काय. दारात आलेल्या माणसाकडे तीन कागद असायला हवेत, बँकेने किंवा एजन्सीने दिलेलं ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र, आणि तुम्हाला दिलेल्या नोटिशीची कॉपी. हे २००८ पासून आरबीआयने सांगितलेलं आहे. तेव्हापासूनच हेही आहे की केस एजन्सीला देताना बँकेने ग्राहकाला एजन्सीची माहिती द्यायची, आणि एजंट आणि ग्राहक यांच्यात झालेले कॉल रेकॉर्ड करायचे. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तक्रार करताना फार उपयोगी पडतो.

ॲपवरून घेतलेलं डिजिटल लोन असेल तर अजून एक आहे. एजंट नेमला किंवा बदलला तर त्याने तुमच्याशी संपर्क करायच्या आधी बँकेने किंवा एनबीएफसीने एसएमएस किंवा ईमेलने त्याची माहिती पाठवलेली असली पाहिजे. म्हणजे कुणाचाही फोन आला की आधी इनबॉक्स बघा. मेसेज आलेलाच नाही आणि समोरचा म्हणतो "मी तुमची फाईल बघतोय", तर एक तर कंपनीने नियम मोडलाय नाहीतर समोरचा कुणीतरी भामटा आहे. दोन्ही वेळेला पैसे द्यायचे नाहीत, फोन ठेवून कंपनीच्या अधिकृत नंबरवर आपण स्वतः फोन करून विचारायचं.

ओळखपत्र दाखवायला सांगितलं की बरेच जण तिथेच आवाज चढवतात. चढवू द्या. ओळख न दाखवणाऱ्याला घरात घ्यायची काही गरज नाही, दारातूनच "कागद घेऊन या मग बोलू" म्हणायचं. जबरदस्तीने आत घुसला तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होतो, पोलिसांच्या ११२ नंबरला फोन लावा.

"पोलीस पाठवतो", "वॉरंट निघालंय" वगैरे

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

नुसता हप्ता थकला म्हणून अटक होत नाही. पैसे देणं लागणं हा दिवाणी मामला आहे, त्यासाठी बँकेला दावा लावावा लागतो. रिकव्हरी एजंटला कुणाला अटक करायचा, वॉरंट काढायचा, पगार थांबवायचा, आधार ब्लॉक करायचा कसलाही अधिकार नाही. तो "मी क्राईम ब्रँचमधून बोलतोय" किंवा "कोर्टातून बोलतोय" म्हणाला तर त्याने सरळ सरळ गुन्हा केला, सरकारी नोकर असल्याचं सोंग घेणं न्याय संहितेच्या कलम २०४ मध्ये येतं. आणि जिवाची, अब्रूची धमकी देणं कलम ३५१ मध्ये.

पण म्हणून यूट्यूबवर सांगतात तसं "काहीच होत नाही, बिनधास्त राहा" हेही खरं नाही. तुम्ही दिलेला चेक बाऊन्स झाला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली फौजदारी केस होते, दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता पैसे नाहीत म्हणून परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स ॲक्टच्या कलम २५ खाली तसंच आहे. मात्र त्यालाही रीत आहे, आधी लेखी नोटीस येते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला मिळतात, त्यानंतरच केस. म्हणजे "आज संध्याकाळी पोलीस येतील" हे कुठल्याच रस्त्याने खरं नाही. पण वकिलाची नोटीस, कोर्टाचं समन्स, लवादाची नोटीस किंवा डीआरटीचं (बँकांच्या कर्जवसुलीच्या न्यायाधिकरणाचं) पत्र खरंच आलं तर ते कपाटात टाकून देऊ नका, वकिलाला दाखवा, परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते.

खोटी नोटीस ओळखायची कशी? व्हॉट्सॲपवर पीडीएफ येतं, वर अशोकस्तंभ, लाल शिक्का, "फायनल वॉरंट", खाली एका मोबाईल नंबरवर दोन तासांत पैसे भरा. कोर्ट कधीच यूपीआयवर पैसे मागत नाही. केस नंबर दिला असेल तर ईकोर्ट्सच्या ॲपवर जाऊन तो नंबर किंवा आपलं नाव टाकून बघा, केस असेल तर दिसते. कलमं पण बघा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन न्याय संहिता आली, त्यानंतर घेतलेल्या कर्जाच्या "नोटिशीत" जर कलम ४२० लिहिलंय तर लिहिणाऱ्याने जुना फॉरमॅट उचललाय एवढं नक्की. आणि लोकअदालतीची नोटीस आली की लोक थरथर कापतात. लोकअदालत म्हणजे समजुतीने मिटवायची जागा आहे, दोघांना मान्य असेल तरच तिथे निवाडा होतो, आणि कोर्टात जायच्या आधीच्या प्रकरणात तुम्ही गेला नाहीत म्हणून अटक होत नाही. उलट खरी नोटीस असेल तर जरूर जा, तिथे व्याज आणि दंड कमी करून मागता येतो.

घरच्यांना, ऑफिसला, शेजाऱ्यांना फोन

रेफरन्स आणि जामीनदार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. जामीनदाराने सही केलेली असते, त्याच्याकडून बँक पैसे मागू शकते, अगदी मूळ कर्जदारावर दावा न लावताही. रेफरन्सवाल्याने फक्त नंबर दिलेला असतो, तोही बऱ्याचदा त्याला न विचारता. त्याच्याकडून एक रुपयाही मागता येत नाही, आणि त्याला कर्जाचा आकडा सांगणं, तुमची बदनामी करणं हे सरळ नियमाबाहेर. माझ्यासारखा फोन आला तर एवढंच म्हणा, मी जामीनदार नाही, परत फोन करू नका, तुमचं नाव आणि एजन्सी सांगा. आणि नंबर ब्लॉक करायच्या आधी कॉल लॉगचा स्क्रीनशॉट काढा.

ऑफिसात एचआरला फोन करून "तुमचा कर्मचारी चोर आहे" म्हणणं, सोसायटीच्या गेटवर वॉचमनसमोर ओरडणं, दारावर कागद चिकटवणं, गावातल्या ग्रुपवर फोटो टाकणं हे सगळं चारचौघात अपमान या एका नियमात बसतं आणि बदनामीचा गुन्हाही होतो, न्याय संहिता कलम ३५६. बाईला घाणेरडं बोलला तर कलम ७९ वेगळं लागतं.

कर्जदार वारला असेल तेव्हा तर फार वाईट वागतात. तेराव्याच्या आत मुलाला फोन येतो, बापाचं कर्ज तूच फेड. वारसाची जबाबदारी वडिलांकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच असते, स्वतःच्या कमाईतून फेडायची सक्ती नाही, तो स्वतः सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तर गोष्ट वेगळी. आणि आधी बघा त्या कर्जावर विमा काढलेला होता का, हप्त्यात त्याचे पैसे कापलेले असतात आणि घरच्यांना पत्ताच नसतो.

लोन ॲपवाले

हा प्रकार निराळा, कारण यातले कित्येक लोक कुणाचेच एजंट नसतात. सात दिवसांसाठी पाच हजार म्हणतात, हातात तीन हजार टेकवतात, पाचव्या दिवशी दहा मागतात आणि मग कॉन्टॅक्ट लिस्टमधल्या सगळ्यांना तुमचा एडिट केलेला नागडा फोटो. आरबीआयच्या डिजिटल लेंडिंगच्या नियमात (पहिले २०२२ चे, मग ८ मे २०२५ चे) ॲपला तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट, गॅलरी, कॉल लॉग बघायला मनाई आहे. कॅमेरा, माईक, लोकेशन फक्त केवायसीपुरतं एकदा, तेही तुमच्या परवानगीने. म्हणून इन्स्टॉल करताना कॉन्टॅक्टची परवानगी मागितली की तिथेच कळलं पाहिजे, हे ॲप नियमात नाही. कुठली ॲप खऱ्या बँकांशी किंवा एनबीएफसींशी जोडलेली आहेत त्याची यादी आरबीआयच्या वेबसाईटवर आहे. पण यादीत नाव सापडलं तरी कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण हे करारावर वाचाच, आणि मुख्य माहितीचा कागद, म्हणजे ज्यात वर्षाचा खरा व्याजदर आणि सगळे चार्जेस एका जागी असतात, तो मागून घ्या.

असं काही झालं असेल तर जे करायचं ते याच क्रमाने करा. ॲप काढून टाकायच्या आधी त्याचं नाव, पैसे कुठल्या खात्यातून आले, कुठल्या यूपीआयवर भरले, सगळ्याचे स्क्रीनशॉट. मग १९३० ला फोन किंवा सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. फोटोची धमकी देऊन पैसे मागणं ही खंडणी आहे, कलम ३०८, आणि अश्लील फोटो पाठवणं आयटी ॲक्टच्या कलम ६७ मध्ये येतं. आरबीआयचं सचेत म्हणून पोर्टल आहे, तिथेही बेकायदा ॲपची तक्रार करता येते. आणि स्वतःहून आपल्या लोकांना एक मेसेज टाका, माझा फोन हॅक झालाय, माझ्या नावाने फोटो आले तर उघडू नका, डिलीट करा आणि मला नंबर पाठवा. हे लिहायला हात थरथरतो मला माहीत आहे, पण हा मेसेज गेला की त्याच्या हातातलं अर्धं हत्यार गळून पडतं. त्याला पैसे देऊन तो थांबला असं मी तरी अजून पाहिलेलं नाही, दिले की आकडा वाढतो.

गाडी, घर, भांडीकुंडी

रस्त्यात चौघांनी अडवून चावी काढून घेणं, कुटुंब गाडीत असताना गाडी ओढून नेणं, हे बेकायदा आहे. सुप्रीम कोर्टाने २००७ साली एका बँकेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की गुंडांकरवी वसुली किंवा गाडी जप्त करणं चालणार नाही, कायद्याच्या रस्त्यानेच जा. गाडीचं कर्ज असेल तर करारात गाडी ताब्यात घ्यायचं कलम असतं, त्यात आधी किती दिवसांची नोटीस, विकायच्या आधी पैसे भरायची शेवटची संधी, गाडी परत मिळवायची पद्धत हे लिहिलेलं असलं पाहिजे. तो करार काढून वाचा. गाडी नेलीच तर आत काय सामान होतं, किलोमीटर किती, याची यादी करून त्यांची सही घ्या, आणि कोऱ्या कागदावर किंवा "मी स्वखुशीने दिली" असं छापलेल्या फॉर्मवर सही करू नका. हे फॉर्म तयारच असतात त्यांच्याकडे.

घर तारण असेल तर सरफेसी कायदा, २००२ चा. हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकून खातं एनपीए (म्हणजे बँकेच्या हिशोबात थकीत कर्ज) झालं की ६० दिवसांची लेखी नोटीस, कलम १३(२) ची. त्यावर तुम्ही हरकत पाठवली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं. त्यानंतर ताब्याची कारवाई, आणि तिच्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत जाता येतं. शेतजमिनीला हा कायदा लागत नाही. आणि क्रेडिट कार्ड किंवा साध्या पर्सनल लोनला, जिथे काही तारणच नाही, तिथे "सरफेसी लावून फ्लॅट सील करतो" म्हणणारा शुद्ध खोटं बोलतोय.

टीव्ही उचलून नेतो, फ्रीज नेतो, असं म्हणणाऱ्याला काहीच अधिकार नाही. कोर्टाचा हुकूमनामा झाला तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये काय जप्त करता येत नाही याची यादीच आहे. गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, आणि धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाई जे अंगावेगळं करू शकत नाही ते दागिने, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र आलं. कोर्टाला जे घेता येत नाही ते दारात उभा राहिलेला पोरगा "मंगळसूत्र विका पण भरा" म्हणून मागतो, तेव्हा त्याला हे कलम सांगा.

पतसंस्था आणि सावकार

महाराष्ट्रात बरीच कर्जं इथली असतात आणि इथे वरचे आरबीआयचे नियम लागत नाहीत म्हणून वेगळं लिहितेय. पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, १९६० चा. तिला थकबाकीसाठी कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घ्यावा लागतो, त्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते, आणि दाखला झाल्यावर वसुली अधिकारी कलम १५६ खाली जप्ती करू शकतो. म्हणून जप्तीला आलेल्या साहेबाला विचारायचं, दाखल्याचा नंबर आणि तारीख काय, तुमचं नेमणूकपत्र दाखवा. दाखला नसताना नुसत्या चेअरमनच्या सांगण्यावरून कुणी ट्रॅक्टर ओढत असेल तर थेट तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे लेखी तक्रार. पण दाखला असेल तर मात्र ही खरीखुरी जप्ती आहे, भांडत बसू नका, पुढे काय करता येईल ते वकिलाला विचारा.

सावकारासाठी महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देणं हाच गुन्हा. व्याजाचे दर सरकारने ठरवून दिलेत, शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२, बाकीच्यांना १५ आणि १८. आता आपल्याकडे महिन्याला ५ टक्के, १० टक्के सर्रास चालतं, म्हणजे वर्षाचे किती झाले हिशोब करा. कर्जदाराला धाक घालणं, त्याच्या मागे मागे फिरणं, घराभोवती घुटमळत राहणं हे या कायद्यात वेगळा गुन्हा म्हणून लिहिलंय. आणि बेकायदा सावकाराने जमीन खरेदीखत करून लाटली असेल तर ती परत मिळवायला जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, त्यासाठी जुन्या चिठ्ठ्या, डायरीतल्या नोंदी, साक्षीदार सगळं जपून ठेवा.

पुरावा

एक साधी वही करा. तारीख, वेळ, नंबर, नाव, काय बोलला. एवढंच, पण त्याच दिवशी लिहा. कॉल रेकॉर्ड करा, फोनमध्ये सोय नसेल तर स्पीकर लावून दुसऱ्या फोनवर. कोर्टात रेकॉर्डिंग द्यायचं झालं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. दारात आले तर सोसायटीच्या सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागून घ्या, काही दिवसांत त्यावर नवीन रेकॉर्डिंग चढतं. आणि तुम्ही शिवी देऊ नका, मनात कितीही आली तरी, कारण रेकॉर्डिंग त्यांच्याकडेही असतं.

पैशाचंही बघा. लोनचं स्टेटमेंट मागवा. उशिराचा दंड लावता येतो पण एप्रिल २०२४ पासून तो व्याजदरात घुसडून "पीनल इंटरेस्ट" म्हणून लावायला बंदी आहे, वेगळा चार्ज म्हणून दाखवायचा आणि त्या चार्जवर परत व्याज चढवायचं नाही. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर किंवा खात्यात काहीही भरू नका, फक्त लोन अकाउंटवर. "तीस हजारात सेटल करतो" म्हणाला तर बँकेच्या लेटरहेडवर पत्र आधी, पैसे नंतर. सेटल केलं की सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, "सेटल्ड" असं लागतं आणि पुढचं कर्ज अवघड होतं, हे तो सांगणार नाही.

तक्रार कुठे आणि कशी

पहिली तक्रार बँकेकडे किंवा एनबीएफसीकडेच, तोंडी नाही, त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याच्या ईमेलवर. मी लिहून देते ते साधारण असं असतं:

"माझा लोन अकाउंट नंबर अमुक. दिनांक अमुक रोजी रात्री ८.४५ वाजता या नंबरवरून आपल्या वतीने फोन करणाऱ्या व्यक्तीने माझ्या नातेवाईकाला माझ्या कर्जाची माहिती दिली व माझा फोटो प्रसारित करण्याची धमकी दिली. हे आरबीआयच्या वसुलीबाबतच्या नियमांच्या विरुद्ध आहे. कृपया एजन्सीचे नाव, अधिकारपत्र आणि या कॉलचे रेकॉर्डिंग द्यावे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माझे खाते रिकव्हरी एजन्सीकडे देऊ नये. मी कर्ज नाकारत नाही, महिन्याला अमुक रुपये भरण्याचा माझा प्रस्ताव आहे."

यातली प्रत्येक ओळ कामाची आहे. एजन्सीकडे देऊ नये ही ओळ मनाची नाही, तक्रार मिटेपर्यंत केस एजंटकडे पाठवू नये हे आरबीआयनेच बँकांना २००८ मध्ये सांगितलंय, उगाच वारंवार खोट्या तक्रारी करणाऱ्याचा अपवाद सोडून. आणि शेवटची ओळ, कर्ज नाकारत नाही ही, ती मनापासून लिहा आणि जमेल तोच आकडा टाका, लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा आरबीआयचा अधिकारी) किंवा कोर्टात प्रकरण गेलं की तिचं वजन पडतं.

३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर आरबीआयचा लोकपाल. त्यांचं सीएमएस पोर्टल आहे, चौकशीसाठी १४४४८ हा नंबर. फी नाही, वकील लागत नाही. बँकेचं उत्तर आलं की लवकर करा, २०२१ च्या योजनेत त्यासाठी वर्षभराची मुदत होती. त्याच योजनेत झालेल्या नुकसानीसाठी २० लाखांपर्यंत आणि मानसिक त्रासासाठी वेगळे १ लाखापर्यंत देववायची तरतूद केली होती. हाउसिंग फायनान्स कंपनी असेल तर मात्र नॅशनल हाउसिंग बँकेचं ग्रिड्स पोर्टल. ग्राहक आयोगातही जाता येतं, तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, पण लोकपाल आणि आयोग एकाच तक्रारीसाठी एका वेळी चालत नाही, एक निवडा.

धमकी, मारहाण, कोंडून ठेवणं, बाईशी घाणेरडं बोलणं असेल तर ३० दिवस थांबायचं नाही, त्याच दिवशी पोलीस स्टेशन. पोलिसात गेलात म्हणून लोकपालाचं दार बंद होत नाही. ठाण्यात "हा पैशाचा मामला, आपसात मिटवा" म्हणून परत पाठवतात, तेव्हा म्हणायचं साहेब कर्जाची तक्रार नाही, धमकीची आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, घेतला नाही तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) मध्ये ही सोय आहे, त्यानेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे.

एक अजून, आणि हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं खरं तर. घरातला माणूस फोन वाजला की बाथरूममध्ये जाऊन बसतोय, जेवत नाहीये, सगळ्यांशी तोडून वागतोय, तर कलमं नंतर बघू, आधी त्याला एकटं सोडू नका. फोन त्याच्या हातातून घ्या आणि आठवडाभर तुम्ही उचला. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. माझा आतेभाऊ त्या महिन्यात सहा किलो उतरला होता आणि आम्हाला वाटत होतं नोकरी शोधायच्या धावपळीमुळे.

त्याच्या तक्रारीचं उत्तर बाविसाव्या दिवशी आलं. चूक कबूल वगैरे काही केली नाही, फक्त "एजन्सी बदलण्यात आली आहे" आणि हप्ता अर्धा करून मुदत वाढवायचा एक फॉर्म. तो भरून दिला. आता फोन येतो तो सकाळी अकराच्या सुमारास येतो, समोरचा आधी स्वतःचं नाव सांगतो, आणि मला येत नाही, त्याला येतो.